प्लास्टिकचे सात प्रकार: मशीन घेण्याआधी माल ओळखायला शिका



या आठवड्याच्या व्हिडिओत मी एक पोतं भंगार प्लास्टिक टेबलावर ओतलं आणि एकेक तुकडा हातात घेऊन दाखवला. व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून तोच धडा इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करू. माझ्या प्रशिक्षणाला येणाऱ्या दर बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, प्लास्टिकचा दाणा बनवायची मशीन घ्यायची आहे. कुठली घेऊ?" कर्जाचा फॉर्म भरून तयार असतो. गावाकडची जागाही ठरलेली असते. मग मी खिशातून बाटलीचं एक झाकण काढतो आणि विचारतो, "हे कुठलं प्लास्टिक?" बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

तो गप्प झाला की मला काळजी वाटते. कारण ज्याला झाकण आणि बाटली ही दोन वेगळी प्लास्टिकं आहेत हे माहीत नाही, तो मशीनचा हप्ता कशातून भरणार? या धंद्यात मशीन सगळ्यात शेवटी येते. पैसा वर्गीकरणात आहे, म्हणजे माल ओळखून वेगळा करण्यात.

मी स्वतः कसा फसलो

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझं पॅकेजिंगच्या सामानाचं दुकान आहे. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली, तेव्हा दुकानातला बराच माल एका रात्रीत नुसती अडचण होऊन बसला. तेव्हा डोक्यात आलं की आता रिसायकलिंगमध्ये उतरू. ओळखीतून एकाने सांगितलं, "पीपीचा ग्राइंड केलेला माल आहे, स्वस्तात देतो." मी ४०० किलो उचलला आणि बादल्या-मग बनवणाऱ्या एका कारखानदाराला थोडा नफा ठेवून दिला.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. मग बनले, पण नखाने ओढलं की पापुद्रे निघत होते आणि कडेला पकडून दाबलं की तडा जात होता. मालात पीपीबरोबर एचडीपीई मिसळलेलं होतं. ही दोन्ही दिसायला जवळची, पाण्यावर दोन्ही तरंगतात, पण वितळवून एकत्र केली तरी नीट एकजीव होत नाहीत. माल परत आला, येण्या-जाण्याचं भाडं माझ्या अंगावर, आणि ते गिऱ्हाईक कायमचं गेलं. ज्याने मला माल दिला त्याला मी दोष देऊ शकतो, पण पोतं उघडून मूठभर माल तपासायला मला कुणी अडवलं होतं का?

नंतर आमच्या भागात कचरा गोळा करणाऱ्या एका मावशींना मी दुकानात बोलावलं आणि परत आलेला माल दाखवला. त्यांनी मूठभर चुरा हातात घेतला, एक तुकडा नखाने ओरखडला, दुसरा वाकवला आणि म्हणाल्या, "दादा, हे दोन जातीचं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं एक आहे म्हणून?" त्यांना पीपी, एचडीपीई ही नावं माहीत नव्हती. पण हाताला सगळं माहीत होतं. आजचा धडा म्हणजे त्या हाताला माहीत असलेल्या गोष्टींचं लिखित रूप समजा.

त्रिकोणातला आकडा म्हणजे काय

कुठलीही बाटली किंवा डबा उलटा करा. तळाला बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ मधला एक आकडा दिसेल. ही पद्धत १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केली. पुष्कळ लोकांना वाटतं की त्रिकोण आहे म्हणजे वस्तू रिसायकल होते. तसं नाही. आकडा फक्त एवढंच सांगतो की वस्तू कुठल्या जातीच्या प्लास्टिकची आहे. ती रिसायकल होईल की नाही, हे तुमच्या भागात ती घेणारा कुणी आहे का, यावर ठरतं. हे वाक्य वहीत लिहून ठेवा.

१. पीईटी (पेट)

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या पारदर्शक बाटल्या. तळाला मधोमध एक छोटा ठिपका असतो, ती साच्याची खूण. पेट पाण्यात बुडतं. बाटली पेटची असते, पण झाकण एचडीपीई किंवा पीपीचं असतं आणि ते तरंगतं. म्हणूनच धुलाईच्या टाकीत चुरा टाकला की झाकणाचे तुकडे वर आणि पेट खाली, असं आपोआप वेगळं होतं.

पेटचा मोठा शत्रू म्हणजे पीव्हीसी. काही बाटल्यांवर गच्च बसलेलं आवरण पीव्हीसीचं असतं. पेट साधारण २५० अंशांच्या पुढे वितळतं, आणि त्या तापमानाला पीव्हीसी जळून काळं पडतं, त्यातून आम्ल वायू निघतो. थोडंसं पीव्हीसी गेलं तरी अख्खा लॉट पिवळा-काळा होतो. दुसरी गोष्ट ओलावा. पेट ओलं असताना वितळवलं तर त्याची ताकद तुटते, म्हणून ते नीट सुकवावंच लागतं.

पेटपासून पुढे पॉलिस्टर धागा, उशीत भरायचा कापूस, पॅकिंगच्या पट्ट्या बनतात. धाग्याची गिरणी हे आपलं काम नाही, त्याला फार भांडवल लागतं. आपलं काम म्हणजे रंगानुसार वेगळ्या केलेल्या, आवरण काढलेल्या, दाबून गठ्ठे बांधलेल्या बाटल्या किंवा स्वच्छ फ्लेक्स पुरवणं.

२. एचडीपीई

शाम्पू, फिनेल, इंजिन ऑइलच्या अपारदर्शक बाटल्या, तेलाचे कॅन, निळे ड्रम, क्रेट. पाण्यावर तरंगतं, हाताला किंचित मेणचट लागतं, नखाने ओरखडा पडतो.

यातही दोन जाती आहेत. फुगवून बनवलेला माल, म्हणजे बाटल्या आणि कॅन. यांच्या कडेने जोडाची रेघ दिसते. आणि साच्यात दाबून बनवलेला माल, म्हणजे क्रेट वगैरे. दोन्ही एचडीपीईच, पण वितळल्यावर एक घट्ट वाहतं आणि दुसरं पातळ. म्हणून दोन्ही वेगळे ठेवाल तर भाव चांगला मिळतो. कीटकनाशकाचे आणि केमिकलचे कॅन मात्र साध्या मालात कधीच टाकू नका. त्यांचे नियम वेगळे आहेत, आणि धुतलेलं पाणीसुद्धा विषारी असतं.

३. पीव्हीसी

पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन, काही चपला आणि आपल्या चौकाचौकांत दिसणारे फ्लेक्सचे बॅनर. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. म्हणून ते जाळलं की घातक धूर होतो. पाइपचा कडक पीव्हीसी आणि वायरचा मऊ पीव्हीसी वेगळे विकले जातात. गणेशोत्सवानंतर आणि निवडणुकीनंतर बॅनरचा ढीग फुकट मिळतो म्हणून पुष्कळ जण उचलतात. लक्षात घ्या, त्या बॅनरमध्ये आत पॉलिस्टरची जाळी आणि वरून पीव्हीसीचा थर असतो. दाणा करणारा तो घेणार नाही. त्याचे शेड, पिशव्या, ताडपत्रीसारखे आडोसे शिवून विकणारं कुणी असेल तरच उचला.

४. एलडीपीई

दुधाची पिशवी, बॉक्सवर गुंडाळलेलं पारदर्शक पॅकिंग, बबलवाली शीट. मऊ, तरंगणारं, ओढलं की ताणलं जाणारं. आपल्याकडे घराघरांत दुधाची पिशवी धुऊन, खिडकीत वाळवून, महिन्याने रद्दीवाल्याला द्यायची सवय जुनी आहे. आपल्या आजीला मायक्रॉन माहीत नव्हते, पण धुतलेल्या पिशवीला पैसे मिळतात हे माहीत होतं. तेच तुमच्या धंद्याचं सूत्र आहे: स्वच्छ आणि एका जातीचा माल.

यापासून दाणा, आणि दाण्यापासून कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, शेतीचे पाइप, ताडपत्री बनतात. पिशवी पातळ असल्यामुळे ती सरळ दाणा मशीनमध्ये नीट जात नाही. आधी फिरत्या पात्यांच्या भांड्यात तिचे घट्ट गोळे करावे लागतात. त्या यंत्राला ॲग्लोमरेटर म्हणतात, बोलीत नुसतं ॲग्लो.

५. पीपी

हॉटेलच्या पार्सलचे डबे, मोल्डेड खुर्च्या, खताची आणि सिमेंटची विणलेली गोणी, बिजागरीसारखं उघडणारं झाकण. हेही तरंगतं, पण एचडीपीईपेक्षा कडक असतं आणि नखाचा ओरखडा सहज पडत नाही.

इथे एक गंमत सांगतो. लग्नात, दुकानात मिळणारी रंगीत, कापडासारखी वाटणारी पिशवी असते ना? ती नॉनवोव्हन, म्हणजे पीपीच! पुष्कळ दुकानदार तिला कापडी समजून ठेवतात आणि दंड भरतात. केंद्राच्या नियमाने सप्टेंबर २०२१ च्या अखेरीपासून अशी पिशवी ६० जीएसएमपेक्षा कमी वजनाची चालत नाही.

६. पीएस आणि थर्माकोल

कडक पीएस म्हणजे सीडीची केस, काही कप. वाकवलं की पांढरी रेघ पडते आणि कट्कन तुटतं. फुगवलेलं पीएस म्हणजे थर्माकोल. त्यात जवळजवळ सगळी हवाच असते, म्हणून टेम्पो भरून नेलात तरी वजन किरकोळ आणि भाडं पूर्ण. थर्माकोल दाबून घट्ट करणारी मशीन जवळ नसेल तर त्याच्या नादी लागू नका. आणि गणपतीच्या मखराचं थर्माकोल तर बंदीत आहे.

७. बाकीचे सगळे

सात म्हणजे एक जात नाही, ते "इतर"चं गाठोडं आहे. कडक पारदर्शक पॉलिकार्बोनेट, टीव्ही-फ्रिजच्या बॉडीचं एबीएस, नायलॉन, आणि चिप्सची चकचकीत पाकिटं. यातलं एबीएस वेगळं काढता आलं तर चांगलं विकलं जातं. चिप्सचं पाकीट मात्र अनेक थरांचं असतं. वेगवेगळी प्लास्टिकं आणि मधे धातूचा पातळ मुलामा. ते थर सुटे करणं साध्या कारखान्यात जमत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही.

मग त्याचं काय होतं? इथे आपल्या पुण्यातली उदाहरणं बघा. अमिता देशपांडे यांच्या रीचरखाने आणि इकोकारीने अशा पाकिटांच्या आणि पिशव्यांच्या पट्ट्या चरख्यावर आणि हातमागावर विणून बॅगा बनवल्या. २०२३ मध्ये अनिश मालपाणी यांच्या आशयाने चिप्सच्या पाकिटांपासून गॉगल बनवून दाखवला. मेधा ताडपत्रीकर आणि शिरीष फडतरे यांच्या रुद्रने जेजुरीजवळ प्लास्टिकपासून इंधन तयार करण्याचं काम उभं केलं. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी असं प्लास्टिक डांबरी रस्त्यात वापरायची पद्धत काढली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. या सगळ्यांतून शिकण्यासारखं एकच: ज्या मालाला बाजारात भाव नाही, त्याचा धंदा डोकं आणि डिझाइन लावून होतो, भाव बघून होत नाही.

घरी करायच्या चाचण्या

आकडा दिसत नसेल, वस्तू फुटलेली असेल, तर काय करायचं?

पाण्याची चाचणी. एका बादलीत पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका. नाहीतर तुकड्याला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि बुडणारा तुकडाही तरंगतो. नखाएवढे तुकडे कापून टाका आणि बोटाने एकदा खाली दाबा. परत वर आले तर एचडीपीई, एलडीपीई किंवा पीपी. तळाला गेले तर पेट, पीव्हीसी किंवा पीएस.

मिठाची चाचणी. एक लिटर पाण्यात पाव किलो मीठ विरघळवा. बुडालेले तुकडे यात टाका. पीएस आता वर येईल. पेट आणि पीव्हीसी खालीच राहतील.

हाताची चाचणी. वाकवा, ओरखडा, आवाज ऐका. पीएस तुटतं, पीपीची पट्टी अनेकदा दुमडली तरी सहज तुटत नाही, एचडीपीईवर नख उमटतं.

एक सावधगिरी. खुर्च्यांसारख्या काही वस्तूंमध्ये वजन आणि कडकपणासाठी खडूची पावडर मिसळलेली असते. असं पीपी पाण्यात बुडूही शकतं. म्हणून एकाच चाचणीवर विश्वास ठेवू नका, दोन चाचण्या जुळल्या तरच पोत्यात टाका.

काही जण तुकडा जाळून वास घेतात. जुने भंगारवाले ते करतात, हे खरं. मी करायला सांगणार नाही. पीव्हीसीचा धूर छातीत गेला तर त्रास तुम्हालाच होणार आहे. शंका राहिली तर नमुना छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटसारख्या संस्थेत तपासून घ्या. मोठा सौदा असेल तर हा खर्च परवडतो.

रिसायकलिंगची साखळी

माल जमा करणं, जात आणि रंग वेगळे करणं, ग्राइंडरमध्ये चुरा करणं, धुणं, सुकवणं, वितळवून गाळणं, दाणा पाडणं, आणि दाण्यापासून वस्तू. एवढ्या पायऱ्या आहेत. तुम्ही सगळ्या पायऱ्या एकट्याने चढायची गरज नाही. पहिल्या दोन पायऱ्यांवरही धंदा होतो, आणि तिथे भांडवल सगळ्यात कमी लागतं: शेड, काटा, पोती, एक टेम्पो भाड्याने आणि ओळखणारे हात.

आता हिशेब बघा. आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत, आजचा बाजारभाव नाही.

समजा तुम्ही १,००० किलो मिश्र बाटल्या ३० रुपये किलोने घेतल्या. खरेदी झाली ३०,००० रुपये. मजुरी, धुलाई, वीज, भाडं मिळून ९,००० रुपये. एकूण ३९,००० रुपये. घाण, ओलावा, लेबल, चुकीचा माल यात २० टक्के घट झाली, हातात राहिला ८०० किलो. तो ५२ रुपयांनी विकला तर आले ४१,६०० रुपये. नफा २,६०० रुपये.

आता सगळं तेच ठेवा, फक्त घट ३० टक्के धरा. हातात ७०० किलो, आले ३६,४०० रुपये. तोटा २,६०० रुपये!

बघितलंत? भाव तोच, मजुरी तीच, मशीन तीच. घटीत दहा टक्क्यांचा फरक पडला आणि नफा तेवढ्याच तोट्यात बदलला. आणि ही घट कुठे ठरते? खरेदीच्या वेळी, पोतं उघडून बघण्यात. ओला माल पाण्याच्या वजनासकट विकत घेतलात तर तुम्ही पाणी ३० रुपये किलोने घेतलंत. म्हणून माझा नियम: प्रत्येक लॉटमधून दहा किलो काढा, स्वतः वेगळं करा, सुकवून पुन्हा काट्यावर ठेवा, मग भाव बोला.

कायद्याच्या गोष्टी, ज्या टाळल्या तर महाग पडतात

पहिली गोष्ट, काय बनवणार? बरेच जण सांगतात, "दाणा करून कॅरीबॅग बनवू." थांबा. केंद्राच्या नियमाने ३१ डिसेंबर २०२२ पासून कॅरीबॅगला किमान १२० मायक्रॉन जाडी लागते, आणि महाराष्ट्राची २०१८ ची बंदी त्याहून कडक आहे. केंद्राने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, प्लेट, कप, सजावटीचं थर्माकोल अशा एकदाच वापरायच्या वस्तूही बंद केल्यात. राज्याच्या नियमात पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० आणि तिसऱ्याला २५,००० रुपये दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. बंदीतल्या वस्तूवर धंदा उभा करू नका.

दुसरी गोष्ट, अन्न. साध्या रिसायकल दाण्यापासून खाण्याचे डबे, पाण्याच्या बाटल्या बनवायच्या नाहीत. त्या दाण्यात आधी फिनेल होतं की तेल, कुणाला माहीत? बादली, कुंडी, कचऱ्याचा डबा बनवा.

तिसरी गोष्ट, परवानगी. ग्राइंडर आणि धुलाई सुरू करण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. उभारणीची वेगळी, चालवण्याची वेगळी. धुण्याचं पाणी गटारात सोडता येत नाही, त्याची प्रक्रिया करावी लागते. उद्यम नोंदणी आणि जीएसटी आहेच. प्लास्टिकच्या भंगारावरचा जीएसटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ५ वरून १८ टक्के झाला होता. तुम्ही सुरू कराल तेव्हाचा दर आपल्या सीएला विचारून मगच भाव काढा.

चौथी गोष्ट, ईपीआर. फेब्रुवारी २०२२ च्या नियमांनी पॅकेजिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर तेवढं प्लास्टिक परत गोळा करून रिसायकल करण्याची जबाबदारी आली. कंपन्या त्यासाठी नोंदणीकृत रिसायकलरकडून प्रमाणपत्रं घेतात. तुम्ही स्वतः रिसायकलर नसलात तरी अशा नोंदणीकृत रिसायकलरला बिलासकट, वजनाच्या पावतीसकट माल पुरवलात तर तुमची किंमत वाढते. म्हणून पहिल्या दिवसापासून कच्च्या चिठ्ठीवर धंदा नको.

पाचवी गोष्ट, जागा. चिखलीजवळचं कुदळवाडी म्हणजे आपल्या परिसरातलं भंगाराचं मोठं केंद्र होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या गोदामांना मोठी आग लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने अतिक्रमणविरोधी कारवाई केली आणि हजारो शेड आणि गोदामं पाडली. कोण बरोबर, कोण चूक, हा इथला विषय नाही. धडा एवढाच की स्वस्त भाड्याच्या बेकायदा शेडमध्ये लाखोंची मशीन बसवली, तर ती एका सकाळी रस्त्यावर येऊ शकते. भाडेकरार करण्याआधी जागेचे कागद बघा, आणि आग विझवायची सोय पहिल्या खर्चात धरा.

माल कुणाकडून घेणार?

पुण्यात या प्रश्नाचं उत्तर देशाला माहीत आहे. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना इथे उभी राहिली. त्यातूनच पुढे स्वच्छ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून ती घरोघरी कचरा गोळा करते. हजारो कष्टकरी, त्यात बहुतेक बायका, रोज सकाळी आपल्या दारात येतात. सुका कचरा वेगळा करून विकणं हा त्यांच्या कमाईचा मोठा भाग आहे.

काही नवउद्योजक मला सांगतात, "सर, सोसायट्यांशी थेट करार करतो, म्हणजे माल फुकट." जरा विचार करा. तो माल फुकट नाही, तो कुणाच्या तरी घरची चूल आहे. आणि नुसती माणुसकी म्हणून नाही, धंदा म्हणूनही हे चूक आहे. तुमच्याकडे ओळखणारे हात नाहीत, त्यांच्याकडे आहेत. त्यांच्या ताटातलं ओढण्यापेक्षा त्यांच्याकडून विकत घ्या. काटा खरा ठेवा, पैसे त्याच दिवशी द्या, आणि वेगळ्या केलेल्या मालाला मिश्र मालापेक्षा जास्त भाव द्या. वर्गीकरणासाठी सावली, हातमोजे, प्यायचं पाणी आणि स्वच्छतागृह द्या. वरच्या हिशेबातली ती दहा टक्के घट या गोष्टींनीच कमी होते.

मला पापुद्र्याचा माल ओळखून देणाऱ्या मावशी पुढे वर्षभर आठवड्यातून एक दिवस दुकानात येऊन नमुने तपासून द्यायच्या. मी त्यांना दिवसाचे पैसे द्यायचो, जसे आपण कुठल्याही सल्लागाराला देतो. त्या वर्षात माझा एकही लॉट परत आला नाही.

गृहपाठ

मशीनवाल्याला फोन करण्याआधी हे तीस दिवस करा.

पहिला आठवडा: आपल्या घरातलं सगळं प्लास्टिक साठवा, आकडे बघा, सात ढीग करा, वजन लिहा.

दुसरा आठवडा: पाण्याची आणि मिठाची चाचणी किमान पन्नास तुकड्यांवर करा. आधी अंदाज लिहा, मग उत्तर. पन्नासपैकी पंचेचाळीस बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

तिसरा आठवडा: जवळच्या पाच भंगार दुकानांत जा. प्रत्येक जातीचा घ्यायचा भाव, कुठला माल ते नाकारतात आणि का, हे लिहा. चहा पाजा, माणूस बोलतो.

चौथा आठवडा: माल घेणारा शोधा. दाणा बनवणारे किंवा साच्याचं काम करणारे तीन कारखानदार गाठा आणि विचारा, "तुम्हाला कुठली जात, कुठला रंग, किती स्वच्छ, महिन्याला किती लागते?" विकणारा सगळीकडे भेटतो. धंदा घेणाऱ्यापासून सुरू होतो.

तीस दिवसांनंतर वहीत एक जात, एक घेणारा आणि एक घटीचा आकडा पक्का झाला असेल, तर खुशाल बँकेत जा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, प्रकल्प अहवाल कसा लिहायचा ते आपण पुढच्या भागात बघू. आणि पक्का झाला नसेल, तर तुमचं काही बुडालं नाही. एक महिना आणि पाव किलो मीठ गेलं, एवढंच. कर्ज काढून बसला असतात तर काय गेलं असतं, ते माझ्या ४०० किलोंना विचारा.

बाटलीचं झाकण काढून खिशात ठेवा. कुणी मशीन विकायला आलं, की आधी त्याला विचारा, "हे कुठलं प्लास्टिक?"

भेटू पुढच्या व्हिडिओत.